व्यत्यय आणा

दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर टीव्ही बघितला. म्हणजे मी राजम्माकडं बघितलं आणि राजम्मा टीव्हीकडं पाठ करून बसली. आमची बसायची रीतच तशी होती. मला ऐकू येत नाही. मिसरूड फुटायच्या आधी यंत्रमागावर उभा राहिलो आणि कान तिथंच गेले. पण त्या खडखडाटात काम करणारा माणूस ओठ वाचायला शिकतोच, शिकला नाही तर उपाशी राहील. त्यामुळं टीव्हीतली माणसं काय म्हणतात ते बायको मला ओठांनी सांगायची. मान वळवून एक वाक्य ऐकायची, पुन्हा माझ्याकडं तोंड करून सांगायची.

त्या दुपारी कुठलीशी मालिका लागली होती. एक बाई अंगभर दागिने घालून स्वयंपाकघरात उभी होती आणि डोळे पुसत होती. राजम्मा म्हणाली, "ती म्हणते, कांदा कुणी चिरायला सांगितला मला, मी तर नुसती उभी राहायला आले होते." मी हसलो. तीही हसली. आमचा मुलगा मागं एकदा चिडून म्हणाला होता, "बाबा, त्यात असलं काही नसतंय की. आई मनाचं सांगती तुम्हाला." मला काय ते कळत नव्हतं? टीव्हीतल्या बायकांचे ओठ मलाही दिसतात. पण त्यांच्यापेक्षा हिचं बरं असायचं, म्हणून मी हिचं घ्यायचो.

त्याच दिवशी दिवेलागणीच्या आधी ती गेली. छातीत कळ आली, रिक्षा दारात आली, तोवर संपलं होतं. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

त्याला आता वर्ष होईल. भाद्रपद आलाय. गल्लीच्या तोंडाशी मंडळाची पोरं मांडवासाठी खड्डे खणतात. संध्याकाळी लेझीम सुरू झालं की माझ्या खाटेचे पाय थरथरतात, तेवढ्यावरून मला कळतं. पोरं म्हणाली, आजोबा, तुमच्या वेळी मांडवात टीव्हीचा कार्यक्रम व्हायचा म्हणतात, त्याचा इतिहास लिहून द्या. मी चौथीपर्यंत शिकलो. इतिहासात राजे असतात एवढं मला माहीत आहे. इथं राजा कुणी नव्हता. एक लाकडी पेटी होती.

हुसेन नावाचा दोस्त होता माझा, शेजारच्या गल्लीतला, बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. लग्नसराईत एकदा मुंबईला गेला आणि तिथं कुणाच्या तरी खिडकीतून त्यानं टीव्ही बघितला. तेव्हा आमच्या सोलापुरात टीव्ही कुणी पाहिलेला नव्हता. आमच्या पूर्व भागात सगळे मागवाले, घरात तेलुगू बोलायचं, बाहेर मराठी, आणि हुसेनशी बोलताना दोन्हीत थोडं त्याचं. परत आला तो डोळे एवढे मोठे करून. "पेटी है, पेटी में आदमी है, आदमी बोलतंय, गातंय, हसतंय. आपुन बी करेंगे गणपती में."

झालं. सुताचे गठ्ठे यायचे त्या पेट्यांच्या फळ्या जमवल्या. माणूस उभा राहील एवढी चौकट केली. चौकटीला दोन बटणं म्हणून मागावरच्या धोट्याची मोडकी लाकडं ठोकली. हुसेन म्हणाला, त्यात रंग नसतो, काळंपांढरंच असतं. म्हणून पेटीत जाणाऱ्यानं पांढरे कपडे घालायचे, तोंडाला पावडर थापायची, मिशीला काजळी. चौकटीपुढं पडदा, तो ओढायचं काम माझ्याकडं. मी पेटीच्या आत, कोपऱ्यात उभा असायचो. पडदा उघडला की हुसेनची गाणी, गल्लीच्या बातम्या, नकला, शेंगाचटणीची जाहिरात, पुन्हा गाणी. बातम्या म्हणजे कुणाच्या शेळीनं कुणाचं सूत खाल्लं, कोण सासुरवाडीहून न जेवता परत आला. सगळं जिवंत. चुकलं तर चुकलं, सगळ्यांसमोर.

आता खरी गोष्ट. हुसेननं मुंबईत बघितलेलं सगळं आम्हाला बोटावर मोजून सांगितलं. गाणं येतं, शेतकऱ्यांचं येतं, बातम्या येतात. "और सब से ज्यादा क्या आता है, तो वो एक पाटी आती है. उस पे लिख्या रहता, व्यत्यय. आदमी लोग चुप बैठ के देखते रहते." त्याला मराठी वाचता येत नव्हतं, खिडकीपाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणी तरी ते वाचून दाखवलं होतं. व्यत्यय म्हणजे काय, हे आम्हा कुणालाच धड ठाऊक नव्हतं. सगळ्यांत जास्त दाखवतात म्हणजे सगळ्यांत चांगला कार्यक्रम तोच असणार, असं आमचं ठरलं. मंडळाच्या मास्तरांनी नंतर अर्थ सांगितला, पण तोवर पाटी रंगवून झाली होती.

पाटी धरायला माणूस उरला नाही. सगळे नकलांत अडकलेले. मी म्हणालो, माझी बायको धरेल. पाटी मोठी होती, मागं उभं राहिलं की तोंड झाकायचं, नुसती बोटं आणि मनगटं दिसायची. घरची बाई मांडवात उभी केल्याचा बोभाटा होणार नव्हता. आणि माझ्या बापाला कळणार नव्हतं.

आम्ही बापाला नायना म्हणतो. नायना हातमागावरचा माणूस. हातमाग कान खात नाही, त्याचे कान शेवटपर्यंत तिखट राहिले. आई माझ्या लग्नाआधीच गेलेली. घरात आम्ही तिघं. आमच्यात त्या काळी सून सासऱ्यापुढं बोलत नसे. चेहरा वर करत नसे, आवाज काढत नसे. लग्न झाल्यापासून नायनानं राजम्माचा एक शब्द ऐकलेला नव्हता. जेवण वाढलं की ती ताटाला वाटी लावायची, खण्ण वाजायचं, नायना उठायचा. पाणी ठेवताना बांगड्या वाजवायची. एवढंच दोघांमधलं बोलणं.

मुकी होती असं नाही. नायना जेवायला बसला की ती त्याच्या पाठीमागं उभी राहून ओठांनी मला काहीबाही सांगायची, आवाज न करता. "बघा, तिसरी भाकरी. म्हणतात भूक नाही." मला घास गिळवत नसे. नायना मान वर करून बघायचा, पोरगा एकटाच का हसतो. घरात असली की सारखी बोलायची ती. फक्त ऐकायला कुणी नव्हतं आणि बघायला मी एकटा.

पहिल्या संध्याकाळी मी पडदा ओढला. राजम्मा पाटी धरून उभी. व्यत्यय. लोक चुप. आम्हाला वाटलं, हेच बरोबर, मुंबईतही चुपच बसतात. चांगला वेळ गेला. मग पुढच्या रांगेतून नायनाच ओरडला, "अरे, पुढं काय?"

पाटीच्या मागून उत्तर आलं, "पुढं काही असतं तर मला कशाला उभं केलं असतं?"

माइक समोरच होता. कर्ण्यातून ते गल्लीभर गेलं. मांडव हसला तो मला पायाखालच्या फळीत जाणवला. सासऱ्याशी बोललेलं तिचं आयुष्यातलं पहिलं वाक्य ते. मी कोपऱ्यातून तिचं तोंड बघत होतो. तिचं तिलाच काही कळलं नव्हतं. डोळे गोल, ओठ उघडे राहिलेले. मग हळूच एका बाजूनं हसली.

तिथून कार्यक्रमाचं खरं चाललं. हुसेनची गाणी एकीकडं राहिली. दोन गाणी झाली की पोरं ओरडायला लागायची, व्यत्यय आणा, व्यत्यय आणा. राजम्मा पाटी घेऊन उभी राहायची आणि मागून बोलायची, मराठीत सुरू करून तेलुगूत उतरायची, पुन्हा चढायची. एकदा हुसेन बटण फिरवून म्हणाला, "चालू!" तर ही मागून म्हणाली, "हा चालू म्हणतो तर मराठी माणसं पुढं सरकतात आणि आमची तेलुगू माणसं उठून घरी निघतात. मराठीत चालू म्हणजे सुरू, आमच्यात चालु म्हणजे पुरे. ह्यानं एक शब्द म्हटला आणि मांडव अर्धा झाला. मग मी येणार नाही तर काय?" हा विनोद सोलापुरातच कळतो. मी तो बाहेरगावी सांगून बघितलाय, लोक नुसते माझ्या तोंडाकडं बघत बसतात.

लोकांना आवाज ऐकू यायचा, तोंड दिसायचं नाही. मला तोंड दिसायचं, आवाज ऐकू यायचा नाही. अख्ख्या पूर्व भागानं तिला ऐकलं, बघितलं मी एकट्यानं. तिचा आवाज कसा होता ते मला अजून माहीत नाही. थोडा घोगरा होता म्हणतात. मुंबईला समुद्र आहे म्हणतात, तसंच.

नायना रोज पुढच्या रांगेत. सगळ्यांच्या आधी हसायचा, मांडीवर थाप मारायचा. घरी येऊन मला म्हणायचा, "ती पाटीवाली कुठली रे? साखर पेठेतली का? बाई वस्ताद आहे." मागं राजम्मा मान खाली घालून ताट वाढत असायची. नायनाला कळलं असतं तर पाटी गेली असती, एवढीच भीती. मारणारा माणूस नव्हता. नुसता नको म्हणाला असता, आणि नायनाचं नको म्हणजे आमच्या घरात चुना-विटांची भिंत. तिचं बाकीचं वर्ष असं, की दिवसभर विड्या वळायच्या, कारखान्यात मान खाली, घरात मान खाली. गणपतीत तेवढं तिला तोंड उघडायला मिळायचं. ते गेलं असतं तर तिचं काय झालं असतं हा विचार मी कामावर करायचो आणि मागावर धागा तुटलेला मला दिसायचा नाही.

एका संध्याकाळी नायना भर मांडवात उठून उभा राहिला. "टीव्हीत रंग येत नाही म्हणता, मग त्या बाईच्या बांगड्या हिरव्या कशा?"

लोक हसले. मी हसलो नाही. राजम्माची बोटं पाटीच्या कडेवर घट्ट झालेली मला दिसली. तरी ती म्हणाली, "आजोबा, टीव्ही बिघडलाय, म्हणून तर पाटी लावली."

बांगड्या काढायच्या तर नवरा जिवंत होता. तिनं दुसऱ्या दिवसापासून त्यांना चुलीची काजळी फासली. मी म्हणालो, घरी आल्यावर धुऊन टाक. ओठांनी म्हणाली, "रोज धुवायच्या आणि रोज फासायच्या, विड्या तुम्ही वळणार का?" त्या काळ्या बांगड्यांच्या हातांनीच तिनं नायनाला वाढलं. नायनानं हाताकडं बघितलं, भाकरीकडं बघितलं, जेवला.

असे काही गणपती गेले. मग एका वर्षी नायनाला दम्यानं धरलं. जन्मभर सूत हुंगलेली छाती, चार पावलं चालला की धापा टाकायचा. मांडवापर्यंत जाणं शक्य नव्हतं. पहिल्या दिवशी कर्ण्याचा आवाज घरापर्यंत येतो का म्हणून कान लावून बसला. वारा उलटा होता. मला म्हणाला, "त्या पाटीवालीला घरी बोलाव. म्हणावं, एक म्हातारा आहे, चहा पाजीन."

मी राजम्माकडं बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात होती. ओठांनी म्हणाली, "ओळखतील."

मी ओठांनीच म्हणालो, "मग सांगतो, ती गावाला गेली."

नायना भिंतीला टेकून बसला होता, छाती वरखाली होत होती. ती म्हणाली, "ओळखलं तर पुढल्या वर्षी पाटी नाही." मग तिनं मला खुणेनं बाहेर पाठवलं. मी दाराबाहेर जाऊन, चप्पल घासून परत आत आलो आणि नायनाला सांगितलं, आली आहे, मागल्या दारानं स्वयंपाकघरात घेतली, पुढं यायला लाजते.

स्वयंपाकघराला दार नव्हतं, जुन्या चादरीचा पडदा होता. मी असा बसलो की नायनाही दिसेल आणि पडद्याच्या फटीतून तीही. ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, मग काय वाटलं कोण जाणे, माझ्याकडं वळली आणि सुरू झाली. "मुंबईहून बोलतोय. सोलापूरचा एक माणूस आज पुढच्या रांगेत दिसला नाही, म्हणून आम्ही कार्यक्रम बंद केला आणि गाडी पकडली. गाडीत बसायला जागा नव्हती. पाटी दाखवली, लोक म्हणाले, व्यत्यय आला, आणि उठून बाजूला झाले." नायना हसला, खोकला, पुन्हा हसला. "हसा, पण बेतानं हसा. तुमचा दम गेला तर आमचं गिऱ्हाईक गेलं." नायना डोळे पुसत होता.

आटोपल्यावर मला म्हणाला, "चहा ठेवायला सांग. दोन."

राजम्मा पडद्यामागून आली, मान खाली, पदर पुढं. एक कप नायनापुढं ठेवला. दुसरा हातात राहिला. तो कुणापुढं ठेवायचा? पाहुणी आत आहे म्हणावं तर आतच का नाही दिला, आणि बाहेर आणला तर घेणार कोण. दोघी एकच असल्यामुळं घोळ झाला. नायनानं बशीत चहा ओतला, फुंकला, प्याला. वर न बघता म्हणाला,

"तिचा तूच पी."

लग्न झाल्यापासून तो तिच्याशी बोललेला पहिला शब्द. मला वाटलं मी ओठ चुकीचे वाचले. राजम्माकडं बघितलं तर कळलं, बरोबर वाचले. ती कप घेऊन पडद्यामागं गेली आणि उभ्या उभ्या प्याली.

त्याला कधीपासून माहीत होतं? मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. पण इतकी वर्षं त्याच्या कानाला तिचं एकच काही माहीत होतं, बांगड्या. पाटी धरताना त्या वाजल्याशिवाय राहिल्या असतील का? मला ऐकू येत नव्हतं म्हणून माझ्या ध्यानात आलं नाही. मी समजत होतो आम्ही त्याच्यापासून लपवतोय. बहुतेक तोच आमच्यापासून लपवत होता.

त्या वर्षी ती मांडवात गेली नाही. हुसेन दारात आला. "भाभी कायकू नई आयी?" मी म्हणालो, घरी करते. "किस के वास्ते?" म्हणालो, एका माणसासाठी. त्यानं कपाळाला हात लावला. मग स्वतःच पाटी धरून उभा राहिला. मनगटावर अस्वलाएवढे केस. लोक म्हणाले, आधी बांगड्या भरून ये. मी राजम्माला म्हणालो, आता तर नायनाचीही हरकत नाही, जा की. ती म्हणाली, "तिथले सगळे पाटीला हसतात. हा मला हसतो." पुढल्या वर्षी पेटी निघाली तेव्हा फळ्यांना वाळवी लागलेली होती. कार्यक्रम असा संपला. इतिहास एवढाच आहे, पोरांनो.

समोर आली की ती शेवटपर्यंत सून. मान खाली, तोंड बंद. पण पडद्यामागं गेली की पाटीवाली व्हायची आणि नायनाला दम भरायची. "ओ म्हातारबा, औषध सांडलं की प्यालात? चिमणीसारखं नुसतं चोच बुडवणं मला दाखवू नका." नायना निमूट प्यायचा. बाहेर आली की पुन्हा दोघं एकमेकांना अनोळखी. नायना त्या गणपतीनंतरच्याच हिवाळ्यात गेला.

पुढं खरा टीव्ही आला. शेजारच्यांनी घेतला, गल्ली बघायला बसली. मध्येच पडद्यावर अडथळ्याची पाटी आली. राजम्मा पुढं सरकून बसली, डोळे लावून. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "ही बोलत का नाही?"

आता त्या सकाळचं लिहितो आणि थांबतो.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. सगळे माझ्याशी बोलत होते. मला एक अक्षर कळत नव्हतं. रडणारी माणसं मान खाली घालतात, तोंडावर पदर घेतात, पुरुष रुमाल धरतात. इतके ओठ घरात आणि वाचायला एकही नाही. कानाचं मशीन मुलानं मागं आणून दिलं होतं, त्यात मला मागाचाच खडखडाट ऐकू येतो, ते मी लावत नाही. मी भिंतीला टेकून बसलो.

माझी सून समोर येऊन उभी राहिली. चांगली शिकलेली मुलगी आहे, पण माझ्याशी कधी बोलली नाही. लाजेनं नव्हे. सासूबाई सांगतात की, मग मी कशाला, असं तिचं होतं. ती काहीतरी सांगत होती, नाकातोंडावर पदर दाबून. पदर हलताना दिसत होता तेवढाच.

मी म्हणालो, "पदर काढ तोंडावरचा."

तिनं दचकून काढला. मान खालीच.

"वर बघ. माझ्याकडं बघ. आता बोल."

आजूबाजूच्या बायका आमच्याकडं बघायला लागल्या. पोरीनं चेहरा वर केला. डोळे सुजलेले होते, ओठ कोरडे. तिला सवय नव्हती, एकेक शब्द तोडून म्हणाली,

"मामा, पाणी तापलंय. आंघोळीला चला."

कळलं. मी उठलो.